बिनधुराची चिमणी

भाऊजी, तुम्ही जाऊन आज सोळा दिवस झाले आणि माझं तुमच्याशी चाललेलं भांडण काही मिटलेलं नाही. परवा माझ्या जावेची, मंगलची बहीण म्हणाली, गेलेल्या माणसाशी भांडू नये. तिला म्हटलं, बाई, चाळीस-बेचाळीस वर्षांची सवय आहे, सोळा दिवसांत कशी जाईल? तुम्ही असता तर हसला असता. मिशीतल्या मिशीत, आवाज न करता. तुमचं हसणंही तुमच्या गिरणीच्या त्या चिमणीसारखंच होतं, बघा. आत सगळं चालू आणि बाहेर काही दिसायचं नाही.

मी लग्न होऊन पाटणहून इकडं कुंडलच्या बाजूला आले, तेव्हा तुमचे थोरले बंधू फौजेत. तिसऱ्या आठवड्यात रजा संपली, गेले. सासूबाई दिवसाला मोजून दहा शब्द बोलायच्या आणि मी तर तुम्हाला माहीतच आहे. बोलले नाही तर माझ्या पोटात दुखायचं. ती अडचण दिराने, म्हणजे तुम्हीच सोडवली. तुम्ही कॉलेज सोडून घरी बसलेले, नुकतेच सूतगिरणीच्या बॉयलरवर कोळसा ओढायला लागलेले. चुलीपाशी येऊन बसायचा आणि म्हणायचा, "वहिनी, बोला. मी ऐकतो."

त्या बसण्यातूनच बॉयलरचं पुस्तक पुढं आलं. बॉयलर अटेंडंटची परीक्षा द्यायची होती तुम्हाला आणि तुम्हाला एका जागी बसून वाचवत नव्हतं. डोळे अक्षरावर आणि मन भलतीकडं. ऐकलेलं मात्र तुमच्या डोक्यात कोरून राहायचं. मग ठरलं, मी वाचायचं आणि तुम्ही ऐकायचं. मी चौथी शिकलेली. एका हाताने भाकरी थापायची आणि पाटावर उघडं ठेवलेलं ते पुस्तक अडखळत वाचायचं. 'सेफ्टी व्हॉल्व्ह म्हणजे काय?' तुम्ही उत्तर द्यायचा. मला ते उत्तर कळायचं नाही, म्हणून मी पुन्हा विचारायची. तुम्ही सोपं करून सांगायचा. कुकरची शिट्टी जशी वाफ सोडते तसं, दूध उतू जाताना आई जसं झाकण सारते तसं. पास झाल्याचा कागद आला तेव्हा तुम्ही तो देवापुढं ठेवायच्या आधी माझ्यापुढं ठेवलात. "निम्मी पास तुमी झालाय, वहिनी." त्या दिवसापासून मी स्वतःला शिकलेली बाई समजायला लागले. पुढं मिळेल ते वाचलं, लिहिलं, बचत गटाचे ठराव लिहिले, गावाचे अर्ज लिहिले. त्या सगळ्याची सुरुवात बॉयलरच्या पुस्तकात आहे, हे मी कुणाला सांगितलं की लोकांना खोटं वाटतं.

कोळशाच्या दिवसांची आठवण तुम्हाला आवडायची नाही. मला येते. गिरणीची जुनी चिमणी वारा असेल तिकडं तोंड करून थुंकायची. वाळत घातलेल्या कुरडयांवर काळे ठिपके, पांढऱ्या कपड्यांवर ठिपके. पलीकडच्या मळ्यातल्या बेदाण्याच्या शेडवर काजळी बसली की ते लोक गिरणीच्या दारात येऊन शिव्या घालायचे. तुम्ही बॉयलरवर, म्हणून त्या शिव्या तुम्हालाच. तुम्ही कधी उलट बोलला नाही. फक्त एक दिवस माझी नवी पांढरी चादर मागून नेलीत. मला वाटलं, कुणाचं आजारपण असेल. तर तुम्ही ती गिरणीच्या पत्र्यावर एक दिवस आणि एक रात्र पसरून ठेवली, घडी घातली आणि संचालकांची बैठक चालली होती तिथं टेबलावर उलगडली. एक शब्द बोलला नाही म्हणे. संध्याकाळी ती काळी चादर मला परत आणून दिलीत आणि वर म्हणता, "धुऊन बघा, निघंल."

निघाली नाही, भाऊजी. पण गॅस आला. लगेच नाही, बरीच वर्षं गेली त्यात. पाइप टाकायला, परवानग्यांना, माणसं पटवायला. पण आला. कोळशाचा बॉयलर निघाला आणि तिथं गॅसवर चालणारं लहानसं वीजकेंद्र उभं राहिलं. लहानसं म्हणजे आपल्या मारुतीच्या देवळाएवढं. आत एक इंजिन, वर एक चिमणी, आणि त्या चिमणीतून काही म्हणता काही दिसेना. पहिल्या दिवशी बायका हात कपाळावर धरून बघत उभ्या. कुणीतरी म्हणालं, "चालू हाय का बंद?" तुम्ही म्हणालात, "कान लावा जमिनीला." आम्ही खरंच लावला. जमीन गुणगुणत होती.

तुमचं त्या यंत्रावर प्रेम होतं. मंगल म्हणायची, माझ्यापेक्षा ह्यांचं मीटरशी जास्त बोलणं होतं. पण ते प्रेम आंधळं नव्हतं, आणि तेच मला आधी कळलं नाही. माझ्याकडून तुम्ही रिठे उकळून घ्यायचा. मला वाटायचं, मंगलच्या केसांना. तुम्ही ते पाणी बाटलीत भरून गिरणीत न्यायचा, फेस करायचा आणि दाढीच्या ब्रशने पाइपाच्या एकेका सांध्याला लावत फिरायचा. बुडबुडा आला की समजायचं, गॅस निसटतोय. साबणाने पितळ खराब होतं असं तुमचं म्हणणं. खरं-खोटं तुम्हालाच ठाऊक. मी विचारलं होतं, एवढ्याएवढ्या बुडबुड्यासाठी एवढं काय? तुम्ही म्हणालात, "जळून गेला तर कार्बन हुतो, त्यो एक वाईट. आन न जळता असाच निसटला तर त्यो कैकपटीनं वाईट. हवा तापवायला लय जोरात. म्हणून बुडबुडा धरायचा." अंगणात उभं राहून सांगितलंत. मी शेंगा फोडत होते. तेव्हा मी मान हलवली, पण मनात म्हटलं, ह्यांना कामच नाही दुसरं.

आणि खंडेनवमीचं काय सांगू! हत्यारांची, यंत्रांची पूजा असते त्या दिवशी. बचत गटाच्या आम्ही सगळ्या बायका सजून गिरणीत गेलो. ज्या यंत्राने आमच्या कुरडया वाचवल्या त्याची ओटी भरायची, असं मीच ठरवलं होतं. नारळ फोडला, हळदीकुंकू वाहिलं. आणि झेंडूचा मनगटाएवढा जाड हार मी स्वतः नेऊन घातला. कुठं घातला? भिंतीवर बाहेरून एक मोठी चौकोनी जाळी होती, छान दर्शनी. म्हटलं हाच यंत्राचा चेहरा असणार. हारावर लाल कापडही पसरलं. ती जाळी हवा आत ओढायची होती हे मला काय माहीत! आम्ही प्रसाद वाटत असतानाच यंत्राचा आवाज बदलला. दम लागलेल्या म्हाताऱ्यासारखा. तुम्ही पळत आलात, बघितलं, आणि दोन्ही हातांनी पाकळ्या ओरबाडून काढायला लागलात.

"वहिनी, यंत्राला नाक असतंय. हार गळ्यात घालायचा, नाकावर न्हाई."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मी पण हसले. रागावले ते नंतर, तुम्ही रोजच्या नोंदवहीत काय लिहिलंत ते कळल्यावर. 'हवेच्या जाळीवर झेंडूचा हार. वहिनींनी घातला. काढला. मधल्या वेळात गॅस जादा जळाला.' मॅनेजर साहेबांनी तुम्हाला बोलावून घेतलं. ते मला शिपायाने सांगितलं. साहेब म्हणाले, "अहो, असं लिहितात का? देखभालीसाठी थांबवलं, असं लिहा." आणि तुम्ही म्हणालात, "साहेब, देखभाल मी केली. हार त्यांनी घातला. दोन कामं येगयेगळी हायत."

मी घरी तुम्हाला विचारलं, "माझं नाव कशाला घातलं?"

"मग कुणाचं घालू? मारुतीचं?"

भाऊजी, हे मी हसून लिहिते आहे, पण मुद्दाम लिहिते आहे. तुम्ही मला किती मानत होता हे सगळ्या गावाला माहीत. आणि तरी माझी चूक माझ्या नावाने लिहिलीत. ती लपवली असती तर मला बरं वाटलं असतं, आणि मग पुढं तुमच्या कुठल्याच आकड्यावर मी विश्वास ठेवला नसता. हे मला आत्ता लिहिता लिहिता सुचतं आहे. तेव्हा नुसता राग आला होता.

आता त्या अर्जाचं.

तालुक्याने गावांची स्पर्धा लावली, स्वच्छ हवेचं गाव. आपली सरपंच कमल, शेजारची सून, मला काकी म्हणते. ती कागद घेऊन आली. "काकी, अक्षर तुमचं, भाषा तुमची. तुमीच भरा." मी दोन दिवस बसून भरला. चुली किती, शेगड्या किती, झाडं किती, उसाचं पाचट शेतात जाळत नाही, सगळं खरं. सातवा प्रश्न होता, गावाच्या हद्दीत हवेत उत्सर्जन करणारा उद्योग आहे काय? मी झोकात लिहिलं, 'नाही.' आणि नेहमीसारखा तुमच्याकडं आणला, तपासायला.

तुम्ही ओट्यावर बसला होता. निवृत्त होऊन काही महिने झाले होते, तरी गिरणीतून बोलावणं आलं की जात होता. सगळं वाचलंत, बोट ठेवून.

"वहिनी, ह्ये सातवं चुकलंय."

"शुद्धलेखन?"

"न्हाई. उत्तर."

"आवं भाऊजी, कवा धूर बघितलाय का कुणी? चिमणीशेजारच्या पत्र्यावर बगळा बसतोय रोज. अजून पांढराच हाय!"

तुम्ही हसला नाही. "धूर न्हाई म्हंजे काय सुटत न्हाई असं न्हाई. कार्बन सुटतोय. कोळशाच्या निम्म्याच्या आसपास आला, पण सुटतोय. मी रोज लिवलाय त्यो."

"दिसत न्हाई त्ये लिवायचं कशाला?"

"दिसत न्हाई म्हणूनच लिवायचं. दिसलं असतं तर लोकांनीच बघितलं असतं की."

वादात हरायला लागले की मी काय करते तुम्हाला माहीत आहे. "यंत्र तुमी आणलं आन तुमीच त्याला नावं ठेवता?"

"नावं ठेवत न्हाई. हाय त्ये सांगतोय."

कमल अर्जाची वाट बघत होती. गावात बॅनर कुठं लावायचा यावर चर्चा झालेली. मला पहिला नंबर डोळ्यापुढं दिसत होता. माझ्या हाताने लिहिलेला अर्ज, माझ्या हाताने आलेला नंबर. आणि मी बोलून गेले. "तुमाला गावाचं चांगलं झालेलं बघवत न्हाई. जल्मभर मीटर बघून बघून माणसाचं मन बघायचं इसरलाय तुमी."

तुम्ही चष्मा काढून खिशात ठेवला. "बरं," म्हणालात. एवढंच. मंगलने आणलेला चहा तसाच ठेवून मळ्याकडं गेलात.

मी अर्ज तसाच दिला, 'नाही' सकट.

त्यानंतर तीन दिवस आपण बोललो नाही. बेचाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. तुम्ही अंगणातून जायचा, मी तांदूळ निवडत बसायची आणि दोघं जण तिसरीकडं बघायचो. मनात म्हणायची, उद्या बोलीन. चौथ्या दिवशी सकाळी गिरणीत जायला तुम्ही ओट्यावर बसून बुटाच्या नाड्या बांधत होता. मला आत मंगलची हाक ऐकू आली, "अक्का!" तिने मला अशी हाक कधी मारली नव्हती. मी बाहेर आले तेव्हा एक नाडी बांधलेली होती.

तुम्ही गेल्यावर सहाव्या दिवशी मी मंगलला विचारलं. धीर गोळा करून विचारलं. "मंगल, भाऊजी माझ्यावर रागावले हुते का गं?"

ती दिव्यातली वात पुढं सारत म्हणाली, "काय म्हायती, अक्का. मला काय बोलले न्हाईत. मीटरला सांगितलं असंल."

आम्ही दोघी हसलो आणि मग आम्हाला थांबता येईना. तिने खोटं बोलून माझं समाधान केलं असतं तर मी ते मान्य केलं असतं, पण तुमच्या घरात राहून तिलाही ती सवय राहिलेली नाही.

नवव्या दिवशी स्पर्धेची समिती गाव बघायला येणार होती. आदल्या दिवशी कमल आली, उंबऱ्याबाहेर उभी राहिली. "काकी, तुमी उद्या न्हाई आलात तरी चालतंय. सुतक हाय. मी दाखवते सगळं, फक्त पडताळणी हाय." तिने काही वाईट मनात धरून म्हटलं नव्हतं. आणि खरं सांगते भाऊजी, मला हलकं वाटलं. सुतकात असलेल्या बाईने देवळाची पायरी चढायची नाही, आणि समिती बसणार होती मारुतीच्या सभामंडपात. माझ्या न जाण्याला सगळ्या गावाची मान्यता होती. कुणी विचारलं नसतं. सातव्या प्रश्नाचं उत्तर चुकलंय असं तोंडाने म्हणणारा गावात एकच माणूस होता, आणि तो गेला होता. आता ते म्हणू शकणारी मी एकटी उरले होते.

सकाळी मी भांडी घासली. ती पुन्हा घासली. मग पदर खोचला आणि निघाले. तुमचे बंधू म्हणाले, "कुठं निघालीस?" म्हटलं, "देवळाकडं. आत न्हाई जात." त्यांनी एकदा बघितलं आणि काठी घेऊन माझ्या मागून आले. फौजी माणूस, विचारत बसत नाहीत, एवढं बरं आहे.

समितीची चार माणसं होती, त्यांत एक अधिकारी बाई, आपल्या लेकीसुनेच्या वयाची. मी पायऱ्यांच्या खाली उभी राहिले.

"आजी, वर या ना," ती म्हणाली.

"सुतक हाय. वर येत न्हाई. तुमीच खाली या."

कमलने डोळे मोठे केले. पण ती बाई आली हो. बाकीचे तिच्या मागून आले, आपापल्या चपला शोधत, उन्हात. मी म्हणाले, "अर्ज मी भरलाय. सातव्याला 'नाही' लिवलंय, त्ये चूक हाय. गावात गॅसवरचं वीजकेंद्र हाय. धूर दिसत न्हाई. कार्बन सुटतोय. कोळशापेक्षा लय कमी, पण सुटतोय. मला ठाऊक न्हवतं असं म्हणणार न्हाई. मला सांगितलं हुतं आन मी ऐकलं न्हाई."

"काकी!" कमलचा आवाज चिरकला. "पयला नंबर हातात हुता की ओ."

"व्हय. माझ्यामुळं गेला असं सांग सगळ्यांना. माझं नाव घे."

ते म्हणताना मला तुमची नोंदवही आठवली, झेंडूच्या हाराची. आणि मी अर्जासाठी हात पुढं केला.

त्या बाईने अर्ज पुढं केला. मी देवळाबाहेरच्या कट्ट्याला लावून 'नाही' खोडलं, 'आहे' लिहिलं, खाली सही केली. उभ्याने लिहिलं, अक्षर वाईट आलं. निकाल अजून लागलेला नाही. कमल दोन दिवस आमच्या दारावरून मान वळवून गेली. तिसऱ्या दिवशी पिठलं-भाकरी घेऊन आली आणि म्हणाली, "तिखट जास्त झालंय. मुद्दाम केलंय." मी सगळं खाल्लं.

तर भाऊजी, तुमचं बरोबर होतं. हे मी तुम्हाला तोंडावर म्हणायला हवं होतं, ओट्यावर, तुम्ही चष्मा खिशात ठेवायच्या आत. तुम्हाला माणसाचं मन बघता येत नाही हे मी म्हणाले ते खोटं होतं. चौथी शिकलेल्या वहिनीच्या पाटावर पुस्तक ठेवणाऱ्या माणसाला मन बघता येत नाही, असं कोण म्हणेल? मी म्हणाले. माझ्या नावाने लिहा.

पण एवढं म्हणून मी गप्प बसेन असं समजू नका. कारण जाता जाता त्या अधिकारी बाईने मला विचारलं, "आजी, मग हे केंद्र बंद व्हावं असं वाटतं का तुम्हाला?" आणि मी एसटीच्या रस्त्याकडं बघितलं. तोच तर आपला दुसरा वाद. सांगलीहून एसटीने परत येताना सुरू झाला होता, गेल्या उन्हाळ्यात. तुम्ही खिडकीतून बघत म्हणालात, "ह्ये मशीन आणलं तवा वाटलं, झालं काम. न्हाई झालं, वहिनी. निम्मंच झालं. उरलेलं निम्मं ह्येच मशीन बंद करून व्हायचंय."

मी तर उडालेच. "आन गिरणीतल्या बायका कुठं जातील? सूत काय उन्हावर कातायचं?"

"व्हय, उन्हाच्या विजेवर. दिवसा तरी."

"आन रातच्या पाळीला?"

तुम्ही डोकं खाजवलंत. ज्या यंत्रासाठी माझी चादर काळी केलीत, इतकी वर्षं घातलीत, ते बंद कसं करायचं याचा हिशेब तुम्ही शांतपणे मांडत बसला होता. अशी माणसं मी फार बघितली नाहीत. स्वतः केलेल्या कामाला अपुरं म्हणायला छाती लागते. "त्येच शोधतोय," तुम्ही म्हणालात. "सापडलं की सांगतो." मग आपला थांबा आला आणि पिशव्या उतरवण्याच्या गडबडीत ते राहिलं.

त्या बाईला मी म्हणाले, "निम्मं उत्तर हाय. निम्मं शोधायचं चाललंय." तिला काय कळलं कोण जाणे. तिने लिहून घेतलं.

तेरावं आटोपून दोन दिवस झाले, तेव्हा काल मी गिरणीत गेले. तुमच्या जागी एक बाई आली आहे, तिशीतली, विट्याकडची, आयटीआय झालेली. हुशार वाटली. माझ्यासाठी खुर्ची पुसली. मी बसले आणि सरळ विचारलं, "रातच्या पाळीचं काय करायचं?"

ती म्हणाली, "कशाचं, आजी?"

मग मी खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि पहिल्यापासून सांगायला लागले.